आठ ट्रॅक आणि धुळाप्पांचा गळा

सोलापूरच्या डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली, तेव्हा दीपाली सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. धुळाप्पांच्या गळ्यात गाठ होती आणि स्वरयंत्रासकट काढल्याशिवाय ती निघणार नव्हती.

"जीव वाचेल, आवाज राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

धुळाप्पांनी पटक्याचं टोक नीट खोचलं. "म्हंजी बोलनं बी न्हाय?"

"नाही, बाबा."

तो शनिवार होता. बुधवारी दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. परत येताना पिकअप दीपालीचा नवरा समर्थ चालवत होता. जळकोटचा फाटा आला तेव्हा दीपाली म्हणाली, "मामा, तुमची ओवी रेकॉर्ड करू."

धुळाप्पांच्या धनगरी ओवीला आजूबाजूच्या दहा-बारा गावांत मान होता. चाळीस वर्षं बिरोबाच्या जत्रेत ढोलाच्या वर्तुळात मधोमध उभं राहून ते गात आले. पण त्यांचा आवाज असा कुठंच नीट साठवलेला नव्हता. लोकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ होते, त्यात ढोल आणि झांजांसारखे कैताळच ऐकू यायचे. धुळाप्पांचं फक्त तोंड हललेलं दिसायचं.

दीपाली नळदुर्गच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होती. गाणी जुळवायचा नाद तिला माहेरापासूनचा. जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, त्यावर ती गॅदरिंगची गाणी बसवून द्यायची. त्यात प्रत्येक वाद्याला, प्रत्येक आवाजाला वेगळी पट्टी, म्हणजे ट्रॅक. एकाला हात न लावता दुसरा वाढवता येतो, कमी करता येतो. अडचण एकच. फुकटात आठच ट्रॅक मिळायचे. नववा उघडायला गेलं की बटणच दबायचं नाही.

"एकेकाला येगळं गायला लावून ओवी व्हती व्हय?" धुळाप्पांना ते पटेना.

"मामा, सगळे एकदम वाजले की ढोल तुम्हाला गिळतो. म्हणून वेगळं."

रविवारी तिनं मेंढरांच्या वाड्यामागची खोली रिकामी केली. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना घोंगड्या टांगल्या. गोरोबा ढोलकऱ्यानं आधी एक ढोल वाजवला, मग दुसरा. कैताळ झाले, पावा झाला. ओवीची ओळ उचलून धरणारे तिघं झीलकरी एकेक करून गायले. सात ट्रॅक भरले.

आठवा धुळाप्पांचा. सोमवारी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ते अकरा मिनिटं सलग गायले. आवाज घोगरा होता, पण वरच्या सुराला अजून तशीच धार होती. शेवटची ओळ संपली तसे ते बाहेर जाऊन बराच वेळ खोकत राहिले. तिच्या सासूबाई सिताबाई तांब्या घेऊन त्यांच्या मागं गेल्या.

मंगळवारी दीपालीनं सगळं जुळवून ऐकवलं. धुळाप्पांनी हेडफोन काढला.

"झ्याक झालंय. पर एक राह्यलं. देवाची आई लेकराला हाक मारती, तितं बाईचा आवाज पायजे. चाळीस वर्सं म्याच म्हनत आलो. आता हिला म्हनू दे."

"मला?" सिताबाई दारातच थबकल्या. "बायामानसं कवा ओवीत उभी ऱ्हायली का?"

"तुला पाठ हाय न्हवं सगळी?"

सकाळी दूध काढल्यावर म्हणेन, असं सिताबाई जाताना पुटपुटल्या.

म्हणजे नऊ ट्रॅक. दीपालीला यातली वाट माहीत होती. दोन ढोल आणि कैताळ एकत्र करून त्यांचा एकच ट्रॅक करायचा, म्हणजे दोन जागा मोकळ्या. मात्र एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं होत नाही. तिन्हीसांजेला लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत पाचच टक्के उरले होते आणि डिस्क भरल्याची सूचना सारखी येत होती. तिनं घाईघाईनं तीन ट्रॅक निवडून एकत्र केले. 'मूळ फायली काढून टाकू?' अशी विचारणा आली. तिनं हो म्हटलं, साठवलं आणि लॅपटॉप बंद केला.

रात्री लाईट आली होती; बुधवारी सकाळी सात वाजता तिनं तो उघडला. ढोल जरा मोठा वाटला म्हणून खाली ओढला. ढोलाबरोबर धुळाप्पाही खाली गेले.

तिनं पुन्हा करून पाहिलं. तेच. तिसरा ट्रॅक कैताळाचा; सासऱ्यांचा आठवा तिनं जुळवताना उचलून त्याच्या खाली, चौथ्या जागी ठेवला होता. घाईत तिनं तिसऱ्याच्या जागी चौथा निवडला होता. कैताळ बाजूला सुखरूप होते, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो आवाज दोन ढोलांखाली पुरला गेला होता. मागं जायची आज्ञा चालेना. टाकाऊ फायलींचा डबा रिकामा होता. दोन तास ती लॅपटॉपचा एकेक कप्पा चाळत राहिली. न सांगता तसंच ठेवावं, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. कुणाला काय कळणार होतं? मोबाईलमध्ये होतं तसंच हेही.

सिताबाई गाणं म्हणायला म्हणून तोंड धुऊन, नीट पदर घेऊन आल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

दीपालीनं सांगितलं. सिताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्येंनी त्या दिवशी रगत थुकलं. तुला सांगू नको म्हनले. त्या रगताचं ह्ये केलंस तू?"

रक्ताचं तिला आत्ताच कळत होतं. ती उठली आणि थेट वाड्याकडं गेली. धुळाप्पा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते.

"मामा, माझ्या हातून तुमचा आवाज गेला. ढोलात मिसळला. आता निघत न्हाय."

त्यांनी आधी काटा पुरता काढला. मग कोकरू सोडून उभे राहिले. "चल. परत म्हनतो."

"नको मामा. आत्यांनी सांगितलंय मला."

"म्हनू देनार न्हाय मी," सिताबाई मागून आल्या. "डाक्टरनं गळा राखायला सांगितलंय."

"आगं, उद्या ह्यो गळा डाक्टर काढून टाकनार हाय. आज कुनासाटी राखू?"

साडेनऊ वाजले होते. बाराला निघायचं होतं.

घोंगड्यांच्या खोलीत धुळाप्पा माइकसमोर उभे राहिले. हेडफोनमध्ये ढोल सुरू झाला, त्यात त्यांचाच सोमवारचा आवाज दूरवरून येत होता. पहिली ओळ निघाली. दुसरी फाटली. तिसरीला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी भिंतीला हात टेकला. दीपालीनं रेकॉर्डिंग थांबवलं. त्यांनी हातानंच, चालू कर, अशी खूण केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. दम इतका लागला की सिताबाईंनी त्यांना धरून बाजल्यावर बसवलं. साडेदहा वाजून गेले.

"बास," सिताबाई म्हणाल्या. "म्या म्हनते सगळी. आईचंच न्हाय, सगळी. तुमी वळीचा शेवटचा शबूद तेवढा धरा. धरता ईल का?"

धुळाप्पांनी बायकोकडं पाहिलं. मग मान डोलावली.

सिताबाई आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभ्या राहिल्या. सुरुवातीला आवाज इतका बारीक होता की पडद्यावरची रेघ हलेना.

"आत्या, शेतातून हाक मारता तसं म्हणा."

मग त्या मोकळ्या झाल्या. ओवीतला एकही शब्द त्या विसरल्या नाहीत; दर ओळीनंतर दीपाली ढोल थांबवून धुळाप्पांना दम घेऊ द्यायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी बाजल्यावरून, दुसऱ्या माइकमध्ये, धुळाप्पांचा एक शब्द यायचा, खरखरीत, कधी अर्धाच. एका ठिकाणी शब्द आलाच नाही, तिथं सिताबाई थांबल्या, त्यांच्याकडं बघत राहिल्या, तो आला तेव्हाच पुढं गेल्या. साडेअकराला समर्थनं गाडी आणून दारात लावली. आत काय चाललंय हे त्याला ऐकू येत होतं. त्यानं हॉर्न वाजवला नाही. बाहेरच उभा राहिला.

बाराला दहा मिनिटं असताना ओवी संपली. त्याच साडीवर सिताबाई गाडीत बसल्या.

शस्त्रक्रिया नीट झाली. महिनाभरानं धुळाप्पा घरी आले, गळ्याला श्वासाचं भोक आणि त्यावर पांढरं फडकं. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवायचे. घोंगड्यांच्या खोलीकडं ते फिरकले नाहीत. मधल्या काळात कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीनं आवाज सुटा करणारं नवं सॉफ्टवेअर आणून दिलं. दीपालीनं सोमवारचा ट्रॅक त्यातून काढून पाहिला. शब्द कळत होते, पण विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसे, धार गेलेले. तिनं ते पुसलं. ढोलाखालचा आवाज तिनं होता तसाच ठेवला. त्या आवाजावर सिताबाई होत्या आणि त्यांच्या मागोमाग बुधवारचे तुटके शब्द. एका ओवीत धुळाप्पा दोनदा होते.

दोन महिन्यांनी एका दुपारी धुळाप्पा स्वतःहून खोलीत आले आणि खुणेनं हेडफोन मागितला. दीपालीनं लावून दिला. अकरा मिनिटं ते हलले नाहीत. बोटानं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पडद्याकडं हात केला. कोणतं काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. दीपाली एकेक पट्टी दाखवत गेली. सिताबाईंच्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं आणि तळहात वर गेला.

"आत्यांचा मोठा करू?"

मान हलली. तिनं वाढवला. तळहात पुन्हा वर. तिनं आणखी वाढवला.

"मामा, ह्याच्या वर गेलं तर फाटंल."

तेव्हा कुठं त्यांचा हात खाली आला. मग त्यांनी हेडफोनची वायर उपसून काढली. सिताबाईंचा आवाज खोलीभर झाला, अंगणात गेला. परातीत पीठ मळत बसलेल्या सिताबाई ओरडल्या, "आगं बंद कर ते! समदी गल्ली ऐकंल!"

दीपालीनं सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि बाजल्यावर पाय पसरून बसले.