टर्बोच्या गाडीचं तेल

हे मी लिहावं की नाही, ते अजून नीट ठरलेलं नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नाही, आणि मीसुद्धा इतिहास घेऊन बी.ए. करतोय, गाड्यांचं शिक्षण घेतलेलं नाही. ज्यांना इंजिनातलं कळतं त्यांना यात चुका सापडतील. त्यांनी सांभाळून घ्यावं. पण एका गाडीच्या तेलावरून आमच्या घरात जे झालं ते दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. वडील, आमचे आण्णा, गुळव्या आहेत. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तेव्हा पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या सांगतो. आण्णा बोट पाण्यात बुडवून पाकाचा थेंब चिमटीत धरतात, अंगठा हळूच लांब नेतात आणि मधे तार येते का बघतात. ते मान हलवतात तेव्हाच काहील उतरते. त्या वेळी गुऱ्हाळाचा मालकसुद्धा मधे बोलत नाही.

थोरल्या भावानं, दादानं, लग्नानंतर जुनी डिझेल गाडी घेतली. टर्बोची. गावातल्या माणसांना नगरच्या दवाखान्यात, कोर्टात, लग्नाकार्याला नेणं-आणणं हा त्याचा धंदा. पहिल्यांदा तेल बदलायची वेळ आली तेव्हा तो नगरला माझ्या हॉस्टेलवर आला आणि गाडीचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"सगळं इंग्रजीत हाय. वाच आन सांग कंचं घालायचं."

मला धड समजलं नाही, म्हणून आम्ही दोघं स्टेशन रस्त्यावरच्या एका तेलाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी एवढंच विचारलं, "टर्बो आहे का?" मग त्यानं सांगितलं की धुराच्या जोरावर एक छोटं चाक गरगर फिरतं आणि इंजिनात जास्त हवा ढकलतं. त्या चाकाचा दांडा तेलावरच तरंगत फिरतो. इंजिन चालू केलं की लगेच तिथं तेल पोचलं पाहिजे, आणि तिथल्या उष्णतेत ते करपलंही नाही पाहिजे. पुस्तकात पाच डब्ल्यू तीस असं लिहिलं होतं. पहिला आकडा लहान, म्हणजे तेल थंडीतही लवकर पळतं. दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. "पुस्तकात आहे तेच घाला, माणसांचं ऐकू नका," दुकानदार म्हणाला.

घरी दादा तेल ओतायला लागला तेव्हा आण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी थेंब चिमटीत धरला, अंगठा लांब केला. तार आली नाही.

"ह्ये तेल हाय का रॉकेल?" आण्णा म्हणाले.

"आण्णा, गाडी हाय ही. गुळाच्या भेल्या पाडायच्या न्हाईत हिच्यातनं," दादा हसत म्हणाला.

वहिनी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. आण्णाही हसले, पण ते तेल त्यांच्या मनातून उतरलं ते उतरलंच. गुऱ्हाळावरच्या चरकाचं जुनं डिझेल इंजिन त्यांनी वर्षानुवर्षं दाट तेलावर चालवलं होतं. त्यात ट्रॅक्टरचंच तेल जायचं आणि ते कधी बंद पडलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी दादा टायफॉईडनं आजारी पडला. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात होता, गाडी दारात उभी. तो बरा होऊन आला तेव्हा गाडी धुतलेली होती, सीटची कव्हरं वहिनीनं धुऊन बसवली होती. आण्णांनी आणखी काय केलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

थंडी सुरू झाली तशी गाडी सकाळी उशिरा जोर धरायला लागली. मग आवाज यायला लागला, बारीक, शिट्टीसारखा. गावातल्या एका म्हातारीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला आणायचं होतं, त्या दिवशी मी गाडीत होतो. म्हातारी मागून म्हणाली, "आरं भाऊ, गाडी शिट्ट्या मारतीया. कुनाला बघून रं?" दादा हसला नाही. तो आरशात बघत होता. मागं निळा धूर होता. थोड्या वेळानं गाडीचा दम गेला. म्हातारीला आम्ही दुसऱ्या गाडीत बसवलं आणि आमची गाडी ओढत परत नेली.

मिस्त्रीनं खालचा बोल्ट काढला. तेल धारेनं पडायच्या ऐवजी काळं, जड लोंबत आलं. त्यानं ते बोटावर घेतलं आणि म्हणाला, टर्बोचा दांडा धरलाय, जाम झालाय, ह्ये ट्रॅक्टरचं तेल घातलंय कुणीतरी.

दादा घरी आला. आण्णा ओट्यावर बसले होते.

"आण्णा, गाडीतलं तेल कुणी बदललं?"

"म्या," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "तू पडून हुतास. म्हनलं तेवढं तरी करावं. चांगलं तार धरनारं घातलंय."

आई आतून म्हणाली, "आरं, आदी च्या घे." त्यानं ऐकलं नाही.

"तुमाला गुळातलं कळतं, आण्णा. तेवढंच कळतं. माजी भाकरी घालवली तुमी."

आण्णांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं बोटं पुसली, नुसतीच, बोटांना काही लागलेलं नव्हतं.

आठवडाभरातच दादा कंटेनरवर ड्रायव्हर म्हणून गेला. चाकणहून माल भरायचा आणि खाली दक्षिणेत होसूरकडं न्यायचा. वहिनी आमच्याकडंच राहिली. त्याचा फोन तिच्याकडं यायचा. ती आत जाऊन बोलायची, बाहेर आली की आण्णा तिच्याकडं बघायचे. ती म्हणायची, "बरे हायेत." तेवढंच. आण्णांशी तो बोलला नाही. पण वहिनी घरात आहे तोवर दादा आपलाच आहे, तो येणार, असं आई, आण्णा आणि मी तिघंही धरून होतो.

गुऱ्हाळाचा हंगाम संपत आला तेव्हा आण्णांचा मला फोन आला. ते सहसा करत नाहीत.

"त्ये तेल कंचं म्हनला हुता तू? पाच का काय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "येताना घिऊन ये."

मी कॅन घेऊन एस.टी.नं गेलो. घरी बघतो तर मिस्त्री टर्बो बसवत होता. आण्णांनी त्या हंगामाच्या कमाईतलं स्वतःसाठी काहीच घेतलं नव्हतं, सगळं टर्बोला ठेवलं होतं, हे मला आईनं सांगितलं. मिस्त्रीनं तेल ओतलं. या वेळी आण्णांनी थेंब चिमटीत धरला नाही. हात पाठीमागं बांधून बघत राहिले.

गाडी चालू झाली. शिट्टी नाही, धूर नाही.

"त्याला कळीव," आण्णा म्हणाले. "म्हनावं, त्येच तेल घातलंय. पुस्तकातलं. म्हनावं, गाडी तयार हाय."

मी तसंच लिहून पाठवलं. एक शब्दही बदलला नाही. त्यानं वाचल्याची निळी खूण आली, उत्तर आलं नाही. आण्णा रोज सकाळी गाडी चालू करून ठेवायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. संध्याकाळी मला फोन. "काय म्हनला का?" मी म्हणायचो, प्रवासात असेल, रेंज नसेल. ते म्हणायचे, "व्हय, आसंल."

परवा मी कॉलेजच्या वाचनालयात होतो. दादाचा आवाज रेकॉर्ड केलेला मेसेज आला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि ऐकला. मागं गाड्यांचे आवाज होते, आणि कुणीतरी कानडीत ओरडत होतं.

"आण्णांला सांग, माजा काई राग न्हाई. तवाच गेला हुता. बोलायला जीभ वळली न्हाई. पाडव्याला येतोय मी. हितं खोली बघितलीय, तुज्या वहिनीला घिऊन जानार हाय. सामान जास्त नको म्हनावं. आन गाडी इकायला गिऱ्हाईक बघा म्हनावं, चांगली चालती तवर."