मनकर्णाबाईच्या नऊ बंगया

सेलूच्या भैय्याजींच्या लोखंडी फर्निचरच्या कारखान्यात बंडूजी खोडे एकतीस वर्षं ऑर्डरी घेत होते, आणि त्यांनी दिलेली तारीख एकदाही चुकली नव्हती. मंगळवारी कपाट येईल म्हटलं की मंगळवारी यायचं. गिऱ्हाईक गावाला गेलेलं असलं तरी यायचं आणि कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहायचं. बायको वारली त्याच्या चौथ्या दिवशी हिंगणीला एका शाळेचे बाक द्यायचे होते. बंडूजींनी ते आधी पोचवले, मग घरी येऊन रडले.

तेव्हापासून ते एकटेच राहत. डबा स्वतः करत, कारखान्यात स्वतःच्या टेबलावर खात, आणि जेवताना समोर ऑर्डरींचं रजिस्टर उघडं ठेवत.

गेल्या वर्षी भैय्याजींनी ते रजिस्टर कपाटात टाकलं आणि कम्प्युटर आणला. तोवर बंडूजी ऑर्डर लिहून घेत आणि मागच्या शेडमध्ये जाऊन धनंजय मिस्त्रीला तोंडी सांगत. आता बंडूजींनी टेबलावर तारीख भरली की शेडमधल्या प्रिंटरातून आपोआप कामाची चिठ्ठी निघणार होती. शिकवायला नागपूरहून सपना नावाची मुलगी तीन दिवस आली. ती म्हणाली, "काका, ज्या तारखेले माल द्यायचा, त्या तारखेची एक ओळ. एका ओळीची एक चिठ्ठी. मिस्त्री चिठ्ठीवर काम करतील, तुमी शेडमध्ये जायची गरजच नाई."

"आन तारीख नवी आली तं?"

"नवी तारीख, नवी ओळ," सपना म्हणाली. दहा कपाटांपैकी पाच आज आणि पाच पुढच्या महिन्यात, असं तिच्या मनात होतं. बंडूजींनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्याच आठवड्यात भैय्याजी मुलीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने बंगलोरला गेले, आणि सिंदी मेघेहून महादेवराव आले. सोबत त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई होत्या. त्यांना बंगई हवी होती, म्हणजे स्टँडवर टांगलेला झोपाळा, व्हरांड्यात बसायला. पण मनकर्णाबाईंची उंची साडेचार फूट. आयुष्यभर ज्या ज्या बंगईवर त्या बसल्या, तिथे त्यांचे पाय लोंबकळतच राहिले. "माये पाय जमिनीले टेकले पायजेत," त्या म्हणाल्या. बंडूजींनी त्यांना स्टुलावर बसवून माप घेतलं. बैठक जमिनीपासून अकरा इंच. पाठीवर लोखंडी अक्षरांत नाव : मनकर्णा. एक नग. तारीख ठरली.

तारखेच्या तीन दिवस आधी महादेवरावांचा फोन आला. "व्हरांड्याची फरशी वाळाचीच हाय. आठ दिवस समोर ढकला."

बंडूजींनी नवी ओळ टाकली. कम्प्युटरनं विचारलं, एकूण नग वाढवायचे का? बंडूजींना प्रश्न नीट कळला नाही. पण गिऱ्हाइकाच्या कामाला 'नाही' म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी 'हो' दाबलं.

आठ दिवसांनी पेंटर आला नव्हता. मग पेंटर आला पण रंग मनकर्णाबाईंना आवडला नाही. मग सुतक लागलं. मग महादेवरावांनी व्हरांड्याच्या दोन पायऱ्या पाडून तीन करायला घेतल्या. आठ वेळा फोन आला, आठ वेळा बंडूजींनी नवी ओळ टाकली आणि आठ वेळा 'हो' दाबलं. त्यांच्या लेखी बंगई एक होती आणि तारखा नऊ. कम्प्युटरच्या लेखी बंगया नऊ होत्या. उलटलेली प्रत्येक तारीख पडद्यावर लाल व्हायची आणि बंडूजी ती बोटानं झाकायचे.

शेडमध्ये धनंजय चिठ्ठीमागून चिठ्ठी घेत होता. आधीचे दिवस असते तर तो विचारायला आला असता. पण आता चिठ्ठी हाच हुकूम होता. चौथ्या बंगईला त्याला वाटलं, बाईंच्या घरी मोठा कार्यक्रम असेल. सातव्या बंगईला त्याला वाटणं बंद झालं.

भैय्याजी परत आले ते थेट शेडमध्ये. जेवणाची सुट्टी होती. नऊ बुटक्या बंगयांवर नऊ धट्टेकट्टे वेल्डर बसून, गुडघे कानाशी लावून, डबे खात हळूहळू झुलत होते. प्रत्येकाच्या पाठीमागे 'मनकर्णा' लिहिलेलं होतं.

भैय्याजींनी बंडूजींना बोलावलं. "हे का होय?"

बंडूजी कितीतरी वेळ मोजत राहिले. "मनकर्णाबाईचा माल," ते शेवटी म्हणाले.

"एका बाईले नऊ बंगया काऊन लागतीन, बंडूजी?"

"बाईले एकच लागते, भैय्याजी. कम्प्युटरले नऊ लागल्या."

भैय्याजींनी एक ठेवून बाकीच्या आठ वर्ध्याच्या दुकानात पाठवायचं ठरवलं. गाडी फाटकाशी अडली. गेटपास असल्याशिवाय टाचणीही बाहेर सोडायची नाही, हा नियम खुद्द भैय्याजींचा होता आणि चौकीदार नियमाचा पक्का होता. गेटपास कम्प्युटर देणार. कम्प्युटर म्हणाला, हा माल मनकर्णाबाईंच्या ओळीला बांधलेला आहे, दुसऱ्याच्या नावानं निघणार नाही. भैय्याजी स्वतःच्या फाटकात, स्वतःच्या मालासकट, वीस मिनिटं उभे राहिले.

शेवटी त्यांनी सपनाला फोन लावला. ती म्हणाली, "माल बनून गेला, आता ओळ नाई पुसता येत. एकच रस्ता. एकेक नग बाईंच्या घरी पोचवा, त्यांची सही घ्या आन तिथूनच वापस आणा. वापस आलेला माल मोकळा. मंग कोणालेही विका."

"सगळ्या एका गाडीत?"

"नाई ना. ओळी नऊ, तारखा नऊ. नवीन तारखा टाकून देते, एका दिवसाले एक."

त्या दिवशी बंडूजींनी राजीनामा लिहिला. भैय्याजींनी तो वाचला, घडी केली आणि म्हणाले, "हा नऊ दिवसांनी देजो. आधी माल पोचव."

आणि बंडूजी निघाले. छोटा हत्ती टेम्पोत एक बंगई टाकून सेलूहून सिंदी मेघे. पहिल्या दिवशी महादेवरावांच्या फाटकात उभं राहून त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. महादेवराव कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मनकर्णाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "मंग आणा ना बाप्पा रोज एक! बसून पाहीन आन पसंत करीन."

पहिली उतरवली. मनकर्णाबाई बसल्या, पाय जमिनीला टेकले. थोडा झोका घेतला. "कुरकुर करते," त्या म्हणाल्या. सही झाली, बंगई परत गाडीत चढली. दुसरीचा 'म' वाकडा होता. तिसरी बरी होती, पण अजून सहा बघायच्या असताना तिसरीवर थांबणं त्यांना पटेना. तोवर आळीतल्या बायाही यायला लागल्या. बंडूजी कागद पुढे करत, सही घेत, आणि मनकर्णाबाई म्हणत, "बसा, आलूपोहे खाऊन जा." पहिले दोन दिवस ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी बसले. पाचव्या दिवशी महादेवरावांनी त्यांना पायऱ्या का पाडल्या ते समजावून सांगितलं. सहाव्या दिवशी बंडूजींनी, किती वर्षांनी कोण जाणे, बायकोबद्दल कुणाशी बोलायला तोंड उघडलं. तिला वाटाणे घातलेले पोहे आवडत, एवढंच ते म्हणाले. सातव्या दिवशी पोह्यांत वाटाणे होते.

मनकर्णाबाईंनी नववी ठेवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

परत आलेल्या आठ बंगयांचं काय करायचं, हा घोर भैय्याजींना फार दिवस राहिला नाही. रस्त्यावरून रोज एक बंगई जाताना आणि तीच येताना भावना नावाची अंगणवाडीची बाई पाहत होती. ती कारखान्यात आली. अकरा इंच उंचीची बंगई म्हणजे लेकरांच्याच मापाची. आठही जवळपासच्या अंगणवाड्यांना गेल्या. नावं कापून काढतो म्हणून धनंजय कटर घेऊन आला, तर भावना म्हणाली, "राहू द्या, अक्षरं शिकवाले कामी येतीन." आता त्या भागातली लेकरं झोपाळ्याला 'मनकर्णा'च म्हणतात आणि मनकर्णेवर बसायला भांडतात.

दहाव्या दिवशी बंडूजी राजीनामा द्यायला गेले नाहीत. कामावरून सुटून ते सिंदी मेघेला गेले. गाडी रिकामी होती, हातात कागद नव्हता. फाटकात उभे राहून ते जरा चुळबुळले.

"आज का आणलं, बंडूजी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आज काईच नाई."

"बरं," म्हणत त्या बंगईवर जरा सरकल्या आणि आत हाक दिली, "अवो, कढई ठेवा."

महादेवराव उठून कढई ठेवायला गेले.