लेहला आजारी कोण पडलं

लडाखची सहल अर्धी टाकून आम्ही जबलपूरला परतलो आणि बघता बघता आमच्या सगळ्या विजय नगर वस्तीला कळलं की माझी तब्येत बिघडली. शेजारच्या दीदी खिचडीचा डबा घेऊन आल्या. भाजीवाल्या भैयानेही विचारलं, "अब कैसी हैं, आंटी?" मी ठणठणीत होते. आजारी पडले होते आमचे हे, आणि माझ्या आजारपणाची बातमीही त्यांनीच पसरवली होती. इतका राग आला की मी ती खिचडी त्यांनाच वाढली.

हे संरक्षण कारखान्यात नोकरीला. निवृत्ती जवळ आली, तेव्हा शेवटच्या एलटीसीवर, म्हणजे सरकारी खर्चाने, लडाखला जायचं ठरलं. सोबत कारखान्यातलीच दोन-तीन कुटुंबं. तयारी म्हणून ही पुरुषमंडळी रोज सकाळी मदन महालची टेकडी चढायला लागली. टेकडी कितीही वेळा चढलात तरी हवा जबलपूरचीच राहणार, हे मी सांगून पाहिलं. पण मी पडले शाळेतली भूगोलाची बाई, तोफांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना मी काय शिकवणार! निदान डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर उत्तर काय? "त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील."

विमानाने थेट लेहला उतरलो. पहिला दिवस पडून राहा, असं हॉटेलवालाही बजावत होता. पण आलोच आहोत तर बघून घेऊ, म्हणत मंडळी चहा पिऊन बाजारात गेली, तिथून स्तूपाच्या पायऱ्या चढली. संध्याकाळी ह्यांचं डोकं ठणकायला लागलं. ताट समोर येताच मळमळलं.

"गॅस झाला," हे म्हणाले. आमच्या घरातल्या पुरुषांना दुसरं काही होतच नाही.

मी मनगट धरलं. नाडी सैरावैरा धावत होती, मध्येच थबकत होती, मग दोन ठोके एकावर एक येत होते. मी चपला शोधायला लागले.

"तू काहून घाबरून राहिली? चढलो म्हणून होत असंन," हे म्हणाले. मी ऐकलं नाही. टॅक्सी बोलावून दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला. विरळ हवेत सगळ्यांचंच हृदय जोरात पळतं, त्यांनी सांगितलं. पण ज्याच्या हृदयात आधीच काही कमीजास्त असेल, त्याची लयसुद्धा बिघडू शकते. ह्यांची बिघडली होती. डोकेदुखी आणि मळमळ हा उंचीचा आजार, तो वेगळा. "अंकल, अब ऊपर नहीं, नीचे जाना है."

ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "कल सब लोग पास देखने जा रहे हैं. वो देखकर उतर जाऊं तो?"

मी तिथेच ओरडले. दवाखान्यात कुणाला मराठी कळत नव्हती म्हणून बरं. त्या 'पास'मध्ये, म्हणजे उंच खिंडीत, उभं राहून काढलेला एक फोटो ह्या माणसाला जिवापेक्षा मोठा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी सोडल्याबरोबर आम्ही दोघांनी दिल्लीचं विमान पकडलं. वाटभर हे खिडकीकडे तोंड फिरवून बसले, जणू मीच त्यांचं काही हिसकावून घेतलं होतं. खाली उतरल्यावर ठोके हळूहळू ताळ्यावर आले. जबलपुरात डॉक्टरांनी औषध सुरू केलं. गोळी रोज मीच हातावर ठेवायची आणि कुणी विचारलं की हे सांगायचे, "हिला हवा मानवली नाही." मी खोडून काढलं की लोक समजुतीने हसायचे.

हेही मी सोसलं असतं. पण रविवारी महाराजपूरहून माझे दीर आले. त्यांना बरीच वर्षं धडधडीचा त्रास आहे, औषध चालू आहे. येताच म्हणाले, "वहिनी, आम्ही पण निघून राहिलो लडाखला. तिकिटं झाली."

मी हातातला कप खाली ठेवला. "भाऊजी, जाऊ नका. तिथं ह्यांचे ठोके बिघडले होते. आजारी हे पडले होते, मी नाही."

दीर हसले. "अच्छा! दादा तर म्हणे एकदम फस्क्लास होता. तुम्ही घाबरून गेल्या, वहिनी. दादाला काही झालं नाही, तर मला काहून होईन?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टीव्हीकडे पाहत होते. माझा आवाज चढला. "अहो, बोला ना! तुमचा सख्खा भाऊ चाललाय!"

ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "नको जाऊ. ती खरं बोलून राहिली. मला वाटलं होतं, मी तिथून परत येत नाही."

दिरांचा चेहरा उतरला. जाताना ते पायऱ्यांवरूनच फोनवर तिकिटं रद्द करायचं बोलत होते. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, खरंच उतरलं. पण राग गेला नाही. त्या दवाखान्यात त्यांचा हात घट्ट धरून मी बसले होते, तेव्हाही मला ते म्हणाले होते की गॅसच आहे.