सातव्या दिवसाचं नाव

रेवदंड्यात आमच्या शेजारी जैतूनखाला उकये राहते. शाळा चौथीपर्यंत, पण नावांच्या बाबतीत ती भल्याभल्यांची बोलती बंद करते. मूल झालं की चौलहून, थळहून, अगदी कुवेतहूनसुद्धा तिला फोन येतो. ती नाव सुचवते, अर्थ सांगते आणि वर दोन शब्द सुनावतेही. एकाने हौसेने मुलाचं नाव रेहान ठरवलं, अर्थ म्हणे राजा. "राजा कुठला? सब्जा! फालुद्यात बी घालतात ना, ते वासाचं झाड. नाव चांगलं हाय, पण राजा न्हाय." कुणी नुसतीच 'अब्दुल' अशी हाक मारली की त्याला ती भर रस्त्यात थांबवते. अब्दुल म्हणजे बंदा, दास; कुणाचा बंदा, ते पुढे नको का? माझ्या प्रज्योतच्या नावाचा अर्थ मला धड सांगता आला नाही, तेव्हा तर आठ दिवस माझी हजेरी घेतली. "केसर, पोराला रोज हाक मारतेस, आन् काय म्हणतेस ते तुलाच म्हाईत न्हाय?"

तिची एकुलती मुलगी तहूरा. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिच्या घरी पाळणा हलला नव्हता. त्या अकरा वर्षांत खालाने किती पोरांना नावं दिली असतील, पण एक नाव कुणालाही दिलं नाही. याह्या. म्हणजे जगतो तो. म्हातारपणी जकरिया पैगंबरांनी दुआ मागितली, तेव्हा त्यांना झालेल्या मुलाचं हे नाव. कुणी मागितलं तर म्हणायची, "ते न्हाय. ते माझ्या नातवाचं हाय."

यंदा जानेवारीत तहूराला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. अलिबागच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा तहूरा पेटीच्या गोल झरोक्यातून बोट आत घालून बसली होती.

"अम्मा, नावानं हाक मारू? डॉक्टर म्हणतात, आईचा आवाज कळतो त्याला."

खाला खेकसली, "सातव्या दिसाच्या आत नाव तोंडातून काढायचं न्हाय. नजर लागते."

मशिदीच्या इमामसाहेबांनी फोनवर सांगितलं, पहिल्या दिवशीही नाव ठेवता येतं. पण "आमच्या घरात सातव्यालाच" म्हणून तिने विषय संपवला. मला तिचा राग आला होता. तरी मी गप्प बसले, आणि त्याची चुटपुट अजून जात नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

दफन करण्याआधी त्याला नाव द्यायचं होतं. तहूराची जाऊ हळूच म्हणाली, "याह्या पुढच्यासाठी राहू द्या. याला दुसरं कायतरी ठेवा." खालाने नकारार्थी मान हलवली. "ज्याचं हाय त्यालाच द्या." इमामसाहेबांनी नाव घेतलं आणि पुरुष बाळाला घेऊन कब्रस्तानाकडे निघाले. घरात आम्ही बायका उरलो.

गावभर नावं वाटणाऱ्या खालाने स्वतःच्या नातवाला जिवंतपणी एकदाही नावाने हाक मारली नव्हती, आणि ते तिला आता कळत होतं. मग ती सरकत सरकत तहूराजवळ गेली. इतकी लाचार मी तिला कधी पाहिली नव्हती.

"तहूरा, तू माझं कधी ऐकलंयस? नको म्हटलं तरी कॉलेजात गेलीस. नको म्हटलं त्याच्याशीच लगीन केलंस. दवाखान्यात मी चहाला खाली जायचे ना, तवा मारलीस ना हाक? एकदा तरी? मी रागवायची न्हाय."

तहूरा भिंतीकडे बघत होती.

"न्हाय, अम्मा. त्याला कायतरी होईल म्हणून भ्याले. या टायमाला तुझं ऐकलं."