वकीलचाचांचं इंग्लंड

वकीलचाचा चालू इंजिनावर लांब पेचकस टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आतलं कोणतं बेअरिंग रडतंय ते सांगायचे. इंजिनाचं इतकं मन लावून ऐकणाऱ्या या गृहस्थांनी माणसाचं वाक्य मात्र जन्मात पुरतं ऐकून घेतलं नाही. पांढरकवड्यात हैदराबाद रोडवर त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. वकिली शिकले नव्हते, पण समोरचा बोलेल त्याच्या उलट बोलायची सवय अशी, की नाव आपोआप पडलं. मी गावातल्या शाळेत मास्तर; शाळा सुटली की तिथल्या टायरवर बसून चहा प्यायचो आणि वादात रोज हरायचो.

त्यांची मुलगी नाझनीन लग्न होऊन इंग्लंडात लेस्टरला गेली. युरोपातल्या देशांच्या संघातून इंग्लंडनं बाहेर पडायचं की नाही, यावर तिकडे मतदान निघालं, तेव्हा तिच्या घरातच दोन तट पडले. ती दवाखान्यात नर्स. बरोबरीच्या बऱ्याच नर्स युरोपातून आलेल्या, म्हणून ती राहायच्या बाजूची. जावयाचं दुकान. त्याला वरून येणारे नियम नकोत, म्हणून तो निघायच्या बाजूचा. शुक्रवारी नमाजनंतर फोन यायचा आणि चाचा स्पीकर लावून साऱ्या गॅरेजला ऐकवायचे. अशा रीतीनं लेस्टरचं भांडण पांढरकवड्याचं झालं.

चाचांनी जावयाची बाजू घेतली. "ज्याच्या घरात दुसऱ्याचा हुकूम चालते, तो मालक कायचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धाकटा भाऊ सलीम ट्रकखालून ओरडायचा, "भाई, पण माल कसा जाते-येते मंग? सरहद्दीवर ट्रक उभे राह्यतीन ना!" ट्रक उभा राहण्याचं दुःख पांढरकवड्याला समजावून सांगावं लागत नाही. तरी ड्रायव्हर लोक चाचांच्याच बाजूनं माना डोलवायचे, कारण गाडी चाचांच्या हातात असायची. एकदा मी पुस्तकी थाटात म्हणालो, की दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. चाचा म्हणाले, "सर, तुमी चहा प्या."

दुसऱ्याचा हुकूम नको म्हणणाऱ्या चाचांच्या गॅरेजात त्यांच्या हुकमाशिवाय पाना हलत नसे. कोणती गाडी आधी घ्यायची, रेडिओवर काय लावायचं, चहात साखर किती, सगळं तेच ठरवायचे. सलीमचे केस पांढरे झाले, तरी बॉनेट उघडायला भाईची परवानगी लागायची. नव्या गाड्या आल्या आणि त्यांचे दोष लॅपटॉपवर दिसू लागले. सलीमनं हौसेनं लॅपटॉप आणला. चाचांनी तो खोक्यातून बाहेरच काढू दिला नाही. "मशीनले इचारून मशीन दुरुस्त करतेत काय?" एवढंच म्हणाले.

एका दुपारी सलीमचा संयम सुटला. "मले अलग करून द्या, भाई. माह्या हिश्शात मी माह्या मनानं काम करीन." आता जावयाच्या बाजूचं ते ठरलेलं वाक्य चाचांच्या तोंडी येईल असं वाटलं, पण चाचांच्या तोंडून निघालं ते शब्दशः मुलीचं. एकत्र राहण्यातच ताकद, अलग होऊन कोणाचं भलं झालं, वगैरे. मी हळूच इंग्लंडची आठवण करून दिली. "इंग्लंड इंग्लंड हाय," चाचा कडाडले, "हा माहा भाऊ हाय!" या प्रश्नावर पंडितांनी जी जाड पुस्तकं लिहिली असतील, त्यांत याहून खरं वाक्य असेल असं मला वाटत नाही.

भावाचं तोंड बंद करायला म्हणून चाचांनी मग इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी केली तीच घोडचूक केली. आपणच जिंकणार या खात्रीनं गॅरेजातल्या सगळ्यांना म्हणाले, "बोला, सलीमनं अलग व्हावं असं कोनाले वाटते? हात वर करा! लोकं म्हनतीन तसं करीन, जबान देतो." भराभर हात वर झाले. एकाला क्लच जाळल्याबद्दल चाचांनी चारचौघांत झापलं होतं. एकाला वाटलं, दोन गॅरेजं झाली तर नंबर लवकर लागेल. तेलंगणातल्या ड्रायव्हरला भाषा कळली नव्हती, त्यानं शेजाऱ्याचं पाहून केला. चहावाल्यानं गंमत म्हणून केला. भावाभावांनी अलग व्हावं की नाही, याबद्दल कोणाचंच काही मत नव्हतं. मी सुशिक्षित असल्यामुळे डोकं खाजवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पस्तावा झाला. पुन्हा एकदा हात वर करून घेऊ, म्हणत चहावाला मध्ये पडला. सलीमही येऊन त्याच्या मागे उभा राहिला. पण चाचा ऐकतात कुठे? "लोकायनं हात वर केले. मी जबान देल्ली होती." त्यांनी स्वतः हत्यारं पुसून दोन ढीग लावले आणि त्यातली चांगली चांगली भावाच्या ढिगात टाकली. ट्रकखाली उतरून काम करायचा ग्रीसिंगचा खड्डा कसा वाटायचा यावर मात्र सारे अडले. शेवटी सलीमनं तो सोडला आणि बायपासला वेगळं दुकान टाकलं.

त्यानंतर चाचांचा वाद घालण्यातला जीवच गेला. शुक्रवारी फोन यायचा, पण स्पीकर लागत नसे. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून पाहायचो. ते नुसतं "असन" म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं. मागच्या हिवाळ्यात ते गेले.

दफन आटोपून कब्रस्तानाबाहेर आलो, तेव्हा सलीम माझ्याजवळ थांबला.

"सर, तुमी होते ना त्या दिवशी?"

मी मान हलवली.

"मी हात वर नव्हता केला," तो म्हणाला. "भाईनं साऱ्यायकडं पाह्यलं. माह्याकडं नाही."