मांजरांचे डोळे

संप लांबला तशी मी फणसवाडीत धुण्याभांड्याची कामं धरली. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. पण गणपतीच्या आधी लालबागच्या एका कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला जायचे. हात असा स्थिर, की श्वास धरला आणि रेघ ओढली. मी हे कामावरच्या एका बाईंना सहज बोलले. बाई एकट्या, दोन मांजरं पाळलेली. म्हणाल्या, "मग माझ्या मांजरांचं चित्र काढतील का? थोरली म्हातारी झालीय. ती आहे तोवर व्हायला हवं."

हे गेले, मांजरं बघून आले, आणि चाळीच्या गॅलरीत प्लायवूडची फळी घेऊन बसले. शेजारी चिडवायचे, "काय रे, मांजरांकडे नोकरी लागली? मिशा नीट काढ, नायतर काढून टाकतील!" हे हसायचे. संप सुरू झाल्यापासून हसलेले मी तेव्हाच बघितले.

चित्र झालं. पोटाखालची पांढरी लव, थोरलीचा फाटका कान, सगळं आलं. डोळे तेवढे कोरे.

"काढा की आता. बाई रोज विचारतात."

"डोळे शेवटाक, गे. एकदा उघडले की मगे आपली रवणत नाय."

कारखान्यात रीतच तशी. डोळे आखले की मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी, तिथून पाण्यात. मला कळत होतं. फळी गेली की हाताला परत काही काम नव्हतं. मी बाईंना उद्या-परवा सांगत राहिले.

एक दिवस कामाला गेले तर बाई लादीवर बसलेल्या. मांडीवर थोरली, टॉवेलात गुंडाळलेली. गेली होती. "आता डोळे कशावरून काढतील?" एवढंच म्हणाल्या.

मी घरी येऊन सांगितलं. हे उठले. आंघोळ केली, बसले, आणि एका दमात चारही डोळे काढले. पण हाताला सवय एकच. डोळे लांबट उतरले, शांत, पापणीला वळण. गणपतीचेच.

बाईंनी चित्र खिडकीपाशी नेऊन बघितलं. म्हणाल्या, "ही माझी नाही हो." हे मान खाली घालून उभे. बाईंनी पदराने भिंत पुसली आणि मला म्हणाल्या, "इथे खिळा ठोक गं."

आमची गिरणी काही उघडली नाही. ह्यांनी रखवालदारी केली. पुढे हात कापायला लागला, कारखानाही सुटला. बाई गेल्या, भाच्याने खोली विकली. मी जाऊन विचारून आले. चित्राचं कोणालाच ठाऊक नाही.

एवढे गणपती पाण्यात गेले, ह्यांनी कधी चुकचुक केली नाही. पण शेवटच्या दुखण्यात सारखं विचारायचे, "मांजरा खंय गेली गे?"

"असतील कोणाच्या तरी भिंतीवर," मी म्हणायचे, आणि पेजेचा चमचा पुढे करायचे.