ओढ्याच्या चढावरचा लो गिअर

सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग आहे. त्या उन्हाळ्यात मी ट्रॅक्टरनं पाण्याचा टँकर ओढून आणायचो. ओढ्याचा चढ लागायच्या आधी थांबून लो गिअर टाकायचा, म्हणजे ट्रॅक्टर रांगत का होईना पण चढतो, ही वडिलांची शिस्त. मला त्या रांगण्याची चीड यायची. एकदा तसाच हाय गिअरमध्ये चढावर घातला. कसली घाई होती, देव जाणे! मध्यावर इंजिन गुदमरलं. गिअर बदलायला क्लच दाबला, तसा भरलेला टँकर मागं ओढू लागला. टँकरच्या बाजूनं चालत येणारे वडील चाकामागं दगड लावायला धावले आणि त्यांचा पाय चाकाखाली सापडला.

अजून लंगडतात. कुणी विचारलं, की सांगतात, "मीच दगड नीट लावला न्हाय."

मी शेजारीच उभा असतो.